गाडीचा तुंबा : बाभळीपासून बेअरिंगपर्यंत

दिवाळी सरली कीं परभणी आणि बीड या जिल्ह्यांतील ऊसतोडीचीं कुटुंबें साखर कारखान्यांची वाट धरतात. तेथें त्यांची टायरगाडी दोन टनांहूनही अधिक ऊस वाहते आणि ती ओढावयास बैल मात्र दोनच असतात. एवढें ओझें दोन जनावरांना कसें ओढवतें, असें विचारल्यास लोक रबरी टायरकडे बोट दाखवितात. तें उत्तर अपुरें आहे. टायरच्या आंत, दृष्टीआड असलेला तुंबा हाही या श्रेयाचा वांटेकरी आहे. आणि गाडी वाटेंत अडली, तर दोषही पुष्कळदां त्याच ठिकाणीं सांपडतो.

महाराष्ट्रांत चाकाची ओळख फार जुनी आहे. प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं कांशाचा एक रथ सांपडला. त्याला बैलांची जोडी जुंपलेली असून चाकें भरीव आहेत. प्रवरा ज्या गोदावरीस मिळते, तीच पुढें पाथरी व गंगाखेडच्या शिवारांतून वाहते. परंतु चाक जुनें असलें तरी त्याची सुधारणा संथपणें झाली. पुणें-सोलापूर भागांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींही दगडी चाकांच्या बोजड गाड्या होत्या. १८३६ च्या सुमारास लेफ्टनंट गेसफर्ड यांच्या देखरेखीखालीं टेंभुर्णी येथें हलक्या गाड्या तयार होऊं लागल्या.

आऱ्यांच्या चाकाचा सारा भार तुंब्यावर येतो. बाभळीच्या घट्ट लांकडाचा तुंबा, त्याच्या भोंकांत बसविलेली लोखंडी आंवण, तिच्यांतून जाणारा आंख आणि चाक निसटूं नये म्हणून टोंकाला खीळ, अशी ही रचना. आंवण आंखावर घासत फिरे. एरंडेलाचें वंगण आटलें कीं चाक कुरकुरूं लागे, झीज वाढली कीं डगमगे. मग गांवचा सुतार आणि लोहार मिळून नवी आंवण घडवीत. प्रत्येक आंख निराळा, म्हणून प्रत्येक आंवणही निराळी! मापाचें ज्ञान कागदावर नव्हतें. तें कारागिरांच्या हातांत होतें.

घासण्यापेक्षां लोळणें सोपें, हें ओंडके वाहणाऱ्या मजुरासही ठाऊक असतें. आंख व तुंबा यांच्यामध्यें गोळ्या बसवाव्या, ही कल्पना वेल्समधील फिलिप व्हॉन यांनीं १७९४ सालीं पेटंट घेऊन नोंदविली. गाडी वळतांना चाकावर बाजूनेंही दाब येतो. तोही सोसावा म्हणून अमेरिकेंतील सेंट लुई येथील हेन्री टिमकेन यांनीं १८९८ सालीं एका टोंकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या रोलरांचें पेटंट मिळविलें. टिमकेन हे घोडागाड्या बांधणारे होते. तेव्हां हें बेअरिंग मोटारीमुळें जन्मलेलें नव्हे. जनावरांच्या गाडीसाठींच तें प्रथम योजिलें गेलें. आपल्या देशांत जयपूर येथें १९४६ सालीं नॅशनल बेअरिंग कंपनी स्थापन झाली.

या बदलानें दुरुस्तीची रीतही पालटली. टायरगाडीच्या वा घरीं जुळविलेल्या ट्रेलरच्या तुंब्यांत सामान्यतः दोन बेअरिंगें असतात, आंतलें मोठें, बाहेरचें लहान. चाक उचलून फिरवितांना घरघर ऐकूं आली, तुंबा तापूं लागला, किंवा रोलरांवर खळगे व निळसर डाग दिसले, तर बेअरिंग बदलणें प्राप्त होतें. त्याच्या कडेवर आंकडा कोरलेला असतो. उदाहरणार्थ, ३०२०६ या आंकड्यांतील शेवटच्या ०६ ला पांचांनीं गुणलें कीं आंतील भोंकाचें माप मिळतें : ३० मिलिमीटर. इंची मापाच्या बेअरिंगांना हा नियम लागूं नाहीं. आंकडा पुसला असेल, तर आंतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी हीं तीन मापें व्हर्नियरनें घ्यावीं लागतात. आंतला कोन व बाहेरचा कप हे जोडीनेंच बदलावयाचे. झिजलेल्या कपांत नवा कोन टिकत नाहीं. नट प्रथम आंवळून मग किंचित् सैल करावयाचा आणि पिनेनें अडकवावयाचा. तो फार घट्ट राहिला तर बेअरिंग तापून जळतें, फार सैल राहिला तर चाक डुलतें.

पूर्वीं आंवण बिघडली तर ती घडविणारा गांवांतच होता. आतां नवा भाग जयपुराहून येवो कीं परदेशांतून, तो बरोबर बसतो. पण तो मागविण्यास आंकडा वाचतां यावा लागतो. न वाचतां, नुसत्या अदमासानें बसविलेलें बेअरिंग ऐन हंगामांत फुटलें, म्हणजे भरलेली गाडी रस्त्यांत कलते. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, शिवाय जुवाखालच्या बैलांच्या मानेवर तें संकट येतें. सुताराच्या हातांतील माप आतां पोलादावर कोरलें गेलें आहे. गांवच्या शाळेंत व्हर्नियर धरावयास शिकविणें हें म्हणूनच त्या जुन्या विद्येचें रक्षण होय.