चलाख, हुशार आणि पेपी

ग्वाल्हेरच्या एखाद्या मराठी घरी पुण्याचा पाहुणा यावा, नातवाची लगबग पाहून त्याने ‘मुलगा मोठा चलाख आहे’ असे कौतुकाने म्हणावे, आणि ओसरीवर बसलेल्या हिंदीभाषिक शेजाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडाव्यात, हा प्रसंग कोणालाही कल्पिता येईल. पाहुण्याच्या मनात चुणचुणीतपणा. शेजाऱ्याच्या कानी पडली ती लबाडी.

शब्द मात्र एकच. फारसीत ‘चालाक’ म्हणजे चपळ. मराठीने ते चापल्य अंगाकडून बुद्धीकडे नेले. हिंदीत ती बुद्धी धूर्तपणाकडे झुकली. ‘तडफ’ची तऱ्हा याहून विलक्षण. आपला तडफदार पुरुष धडाडीचा असतो. हिंदीतील ‘तडप’ म्हणजे वेदनेची तळमळ. (आपले ‘तडफडणे’ तिचीच आठवण देते.) ‘हुशार’ हा फारसी ‘होशियार’, म्हणजे शुद्धीवर असलेला. परीक्षेत पहिला येणारा हुशार खराच. पण ज्वर उतरल्यावर रोग्याला ‘हुशारी वाटते’, हा प्रयोग मला सर्वांत गोड वाटतो. मूळचा शुद्धीचा अर्थ तेथे अजून जागा आहे.

दौलतराव शिंद्यांनी 1810 साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. त्या छावणीचेच लष्कर नावाचे शहर झाले, आणि शिपाई, कारकून, भिक्षुक यांजबरोबर ही विशेषणेही तेथे नांदू लागली. 1948 साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले. बाजारात हिंदी पूर्वीपासूनच होती. आता शाळेत आणि मित्रमंडळींतही बहुधा तीच. त्यामुळे आजोबांचा ‘चलाख’ नातू हिंदी कानांनी ऐकतो. शब्द घरात राहिला, त्यातली शाबासकी गेली.

मग तरुण मंडळी ‘पेपी’ म्हणतात. चाल पेपी, नाच पेपी, क्वचित माणूसही. शब्द घरगुती बोलण्यातला; सरकारी अर्जात कोणी तो घालणार नाही. ‘पेप’ हे ‘पेपर’चे, म्हणजे मिरीचे, अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी झालेले तुटके रूप, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यावरून ‘पेपी’ रूढ झाला. म्हणजे आपल्या ‘झणझणीत’चाच हा भाऊबंद. आणि त्या ‘पेपर’चे मूळ शोधीत गेल्यास लॅटिन ‘पिपेर’, ग्रीक ‘पेपेरी’ असे करीत आपण संस्कृत ‘पिप्पली’पाशी येतो. आजीच्या बटव्यातली पिंपळी ती हीच. नातवाला खोकला झाला की मधातून चाटवतात ती.