लंगोटी, घोंगडी आणि खाकी कोट

मंडळी, एकच कोट शिवायचा आहे. तो हाक्याला चालला पाहिजे, मचाणावर चालला पाहिजे, माग काढीत पायी फिरतानाही चालला पाहिजे. फार जड नको, फार हलका नको. तर तो कसा असावा? हा प्रश्न आज आपल्या जिल्ह्यात कुणी कुणाला विचारणार नाही, विचारूही नये, कारण १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शेवट केला. परंतु सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी याच मुलखात येणारे गोरे अंमलदार हा प्रश्न मोठ्या गंभीरपणे विचारीत असत. आणि त्याच रानात राहणाऱ्या माणसांनी त्याचे उत्तर कितीतरी आधी, कुणी न विचारता, देऊन ठेवलेले होते. त्या दोन्ही उत्तरांची ही गोष्ट आहे. गुरुजींना ती वर्गात सांगता येईल. शेतकरी बांधवांना तर शेवटी आपल्याच अंगावरच्या कपड्यापर्यंत ती येऊन पोचलेली दिसेल.

आधी मुलूख डोळ्यांपुढे आणा. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. पुढे जिल्हे पडले, त्यात आपला जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये पुसदचा भाग जोडला गेला आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. घाटावरचे यवतमाळ दीड हजार फुटांच्या आसपास उंच, खाली पैनगंगेचे आणि वर्धेचे खोरे, मध्ये सागाचे रान. या रानाला वर्षातून तीन रंग येतात. पावसाळ्यात गर्द हिरवा, दिवाळीनंतर वाळल्या गवताचा पिवळा, आणि होळीनंतर सागाची पाने झडली की सगळीकडे तांबूस-मातकट. मे महिन्यात अंगाची लाही होते आणि पौषातल्या पहाटे दात वाजतात. आता सांगा, या सगळ्याला पुरणारा एक कोट कुठला शिंपी शिवील?

त्यातून शिकारीचे प्रकारही एकसारखे नव्हते. हाक्यात माणसे ओरडत, डबे-ढोल वाजवीत रान हाकून आणीत आणि बंदूकवाला नाक्यावर बसे. तिथे दिवसाचे ऊन, बोरी-बाभळीचे काटे आणि घाई. मचाणाची तऱ्हा अगदी उलटी. खाली रेडकू बांधलेले, वर माणूस रात्रभर मुठीएवढ्या जागेत अंग आखडून बसलेला. हलायचे नाही, खोकायचे नाही, थंडीने कुडकुडायचेही नाही. उन्हाळ्यात पाणवठ्यावर दबा धरायचा, तर अंगातून घामाच्या धारा. आणि पायी माग काढीत जायचे, तर वाळलेले सागाचे पान पायाखाली पापडासारखे मोडते. त्यात कोटाची बाही काटक्यांना घासून खरखरली, की सांबर टेकडीपलीकडे गेलेच म्हणून समजा.

गोऱ्या साहेबाने यावर विलायतेतून एक नमुना आणला. त्याला नॉरफोक जाकीट म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात तो शिकारी लोकांत फार चालला. पाठीवर आणि छातीवर उभ्या पट्ट्या, कमरेला कापडी पट्टा. त्या पट्ट्यांपाशी कापडाला सैलपणा ठेवला, की बंदूक खांद्याला लावताना हात मोकळा वर जातो, पाठीत कोट ओढत नाही. मोठाले खिसे, काडतुसांसाठी कापडाच्या कड्या, बंदुकीचा दस्ता टेकतो तिथे उजव्या खांद्यावर चामड्याचा तुकडा. विलायतेत हे जाकीट लोकरीच्या जाड ट्वीडचे शिवीत. वऱ्हाडात ट्वीड घालून दुपारी फिरणे म्हणजे आपणहून भट्टीत बसणे. म्हणून इथे शिवण तीच राहिली, पण कापड बदलले. लोकर जाऊन सुती ड्रिल आले, आणि रंग आला खाकी.

हा खाकी शब्द मात्र साहेबाने विलायतेहून आणलेला नाही, बरे का! खाक म्हणजे धूळ, आणि धुळीच्या रंगाचा तो खाकी. शब्द फारसी-उर्दूतला. १८४६ साली पेशावरकडे हॅरी लम्सडेन नावाच्या अधिकाऱ्याने ‘गाइड्स’ नावाची पलटण उभारली आणि तिला तिथल्या मातीत मिसळून जाईल असा मळकट रंगाचा पोशाख दिला. त्या काळी इंग्रजी फौज लाल कोट घालून लढत असे, त्यामुळे लोक या धुळकट पलटणीला हसले. १८५७ च्या धामधुमीत मात्र गोऱ्या पलटणींनीच आपले पांढरे कपडे चहात, चिखलात, मिळेल त्या रंगात बुडवून मळकट करून घेतले. जीव वाचवायचा असला की डौल बाजूला ठेवावा लागतो. अडचण एकच होती, धुतला की रंग जाई. १८८४ च्या सुमारास इंग्लंडात पक्का खाकी रंग निघाला, आणि मग खाकी ड्रिल फौजेत, पोलिसात, जंगलखात्यात, आणि शेवटी आपल्या शाळेतल्या पोरांच्या अर्ध्या चड्डीतही येऊन बसले.

आता हे कापड कशाचे? कापसाचे. आणि कापूस कुणाचा? वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतला कापूस मूर्तिजापूरच्या वाटेने मुंबईला आणि मुंबईहून सातासमुद्रापार जात होता. यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी गाडी, जिला लोक ‘शकुंतला’ म्हणत, ती विसाव्या शतकाच्या आरंभी घातली गेली ती मुख्यतः या कापसासाठीच. साहेबाच्या अंगावरच्या कोटात आपल्या एखाद्या वावरातले बोंड नसेलच, असे कोण सांगणार?

साहेबाचे उत्तर हे असे. आता दुसऱ्या उत्तराकडे वळू.

१९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर चार भागांचा मोठा ग्रंथ छापला. त्यात पारध्यांच्या पोटभेदांची नावे आहेत, आणि ती वाचताना गंमत वाटते. फासे लावतात ते फासेपारधी. माणसाळवलेला चित्ता सोडून काळवीट धरतात ते चित्तेवाले. आणि एक पोटभेद चक्क कपड्यावरून पडलेला आहे, लंगोटी पारधी. कमरेला एक अरुंद पट्टी, एवढाच पोशाख. का? ग्रंथकारांचा तर्क असा, की लांब वस्त्र फडफडेल आणि झुडपात अडकेल. स्वतः पारधी मात्र वेगळे सांगत. धोतर मळले तर अशुभ होईल, ते नकोच. दोन्ही कारणे खरी असू शकतात. देवाचे कारण आणि कामाचे कारण आपल्याकडे पुष्कळदा एकाच गाठीत बांधलेले असते.

थोडा विचार करा. साहेबाने खिसे, पट्टे, कड्या, चामडे असे एकावर एक जोडून कोट पुरा केला. पारध्याने एकेक वजा करीत तो पुरा केला. आवाज नको तर कापडच नको. पण मग लपायचे कशाने? त्यालाही त्यांचे उत्तर आहे. पारध्यांतले काही लोक शिकवलेली गाय किंवा बैल पुढे घालून तिच्या आडोशाने सावजाजवळ जात, आणि फास मांडत. हरणाला चरणारे गुरू दिसे. त्यांचा कोट चार पायांवर चालत होता म्हणा ना!

पण थंडीचे काय? लंगोटीवर पौष निघत नाही. तिथे आपली घोंगडी येते. धनगराच्या मेंढीच्या लोकरीची, हातमागावर विणलेली, नैसर्गिक काळ्या-करड्या रंगाची. हिचे गुण साहेबाच्या कोटाशी ताडून पाहा. लोकरीत तेलकटपणा राहतो, त्यामुळे पावसाचा शिडकावा लवकर आत उतरत नाही. एक कोपरा दुमडून डोक्यावर घेतला की खोळ झाली. भिजली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते, हे सुती ड्रिलला कधी जमले नाही. ओले ड्रिल अंगाला चिकटते आणि हुडहुडी भरवते. घोंगडी मऊ झाली की काटकीला घासूनही वाजत नाही. नवे ड्रिल, त्यातून खळ दिलेले, कागदासारखे वाजते. जाणते लोक म्हणून नवा कोट दहा वेळा धुऊन, मऊ करून मगच रानात नेत.

घोंगडीचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे, नाहीतर मी पक्षपात केला असे होईल. आश्विन-कार्तिकात गवत पिकले की कुसळ आणि गोखरू तिला असे धरतात, की घरी आल्यावर तासभर वेचत बसावे लागते. तिथे घट्ट विणीचे ड्रिल सरस, कुसळ त्यावर फारसे ठरत नाही. म्हणजे उत्तर निघाले ते असे, की एक कोट नव्हेच. आतून सुती, सैल, मळकट रंगाची बंडी, आणि खांद्यावर घोंगडी. चालताना काढावी, बसल्यावर पांघरावी. आमच्या वणी-केळापूरकडचे लोक इथे हसतील, कारण तिकडे बंडी म्हणजे बैलगाडी. मी अंगातल्या बंडीविषयी बोलतो आहे. थंडीत हीच बंडी दोन पदरी शिवून मध्ये कापूस भरला, की मध्यम वजनाचे जाकीट झाले. आणि आपल्या जिल्ह्यात कापूस काय, घरचाच!

रंगाविषयी आताचे ज्ञान जुन्या शिकाऱ्यांपेक्षा पुढे गेले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हरणांच्या डोळ्यांवर जे संशोधन झाले त्यावरून असे दिसते, की त्यांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक आपल्यासारखा कळत नाही. निळा मात्र चांगला कळतो. म्हणूनच पिवळा-तांबूस वाघ चितळाला झुडपात दिसत नाही, त्याच्या डोळ्यांना तो हिरवाच वाटतो. आणि म्हणूनच नीळ घालून पांढरेशुभ्र केलेले धोतर रानात लांबून झळकते. खाकी की हिरवा, यावर साहेबलोक पैज मारीत. हरणाच्या दृष्टीने त्यात फारसा अर्थ नव्हता. खरी मेख शुभ्र आणि निळ्या रंगात होती, आणि हालचालीत.

आता कोटाची दुसरी बाजू. खाकी रंग रानात लपण्यासाठी निघाला, पण गावकऱ्यांच्या डोळ्यांना तो लांबूनच दिसू लागला. रानात खाकी दिसली की सरपणाची मोळी टाकून बाया पळत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे जू पुढे पारध्यांच्याही मानेवर बसले, तेव्हा त्यांना खाकी म्हणजे हजेरी. साहेब मारी ती शिकार ठरे, आणि पारधी मारी तो गुन्हा. ते जू १९५२ साली कायद्यातून उतरले, लोकांच्या मनातून उतरायला फार वेळ लागला, अजून पुरते उतरलेले नाही. १० जुलै १९३० रोजी वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव रानातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला, तेव्हा एका बाजूला खादी आणि एका बाजूला खाकी अशी ती भेट झाली. दोन्ही कापसाचीच.

हे सारे जुने झाले असे कुणी म्हणेल. पण भाऊ, मचाण अजून आहे. फक्त त्यावर बसणारा बदलला. माघाच्या थंडीत हरभऱ्याच्या, गव्हाच्या वावरात रोही आणि रानडुकरे येतात, म्हणून तुम्ही जागलीला जाता. कधी पंपाची वीज रात्रीची असते म्हणून ओलिताला जाता. अंगात जुनी बंडी, वर घोंगडी नाहीतर बाजारातला मळकट, करडा, रानाच्या रंगाचा स्वेटर. शिकाऱ्याचाच पोशाख झाला की हो तो!

आणि इथेच घोटाळा आहे. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. सुमारे दीडशे चौरस किलोमीटरचे ते रान वाघांना पुरत नाही, ते बाहेर पडतात. राळेगाव-पांढरकवडा भागात २०१६ ते २०१८ या काळात तेरा माणसांच्या मृत्यूशी टी-वन नावाच्या वाघिणीचा संबंध जोडला गेला. तिला लोक अवनी म्हणत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. ती बरोबर की चूक यावर पुष्कळ वाद झाला. पण जे मेले त्यांच्यापैकी बहुतेक जण शेतावर किंवा गुरांमागे गेलेले साधे लोक होते, शिकारी नव्हते, याबद्दल वाद नाही.

शिकाऱ्याचा कपडा त्याला लपवण्यासाठी होता. जागल्याला लपून काय करायचे आहे? वाघ सहसा माणूस टाळतो, पण त्यासाठी हा माणूस आहे हे त्याला आधी कळले पाहिजे. वाकून कापूस वेचणारे, बांधावर उकिडवे बसलेले, मळकट घोंगडी डोक्यावरून घेतलेले आकार त्याला माणसासारखे दिसत नाहीत. म्हणून आत ऊब देणारी कापसाची बंडी असू द्या, घोंगडीही असू द्या, पण वरून पांढरा सदरा चढवा, नाहीतर निळा. जे शिकाऱ्याने वर्ज्य केले तेच तुम्ही घ्या. दोघे-तिघे मिळून जा, वाटेने मोठ्याने बोलत जा, हातात बॅटरी आणि घुंगराची काठी ठेवा. पहाटे मचाणावरून उतरताना खाली पाय टाकण्यापूर्वी एक हाक घाला.