मायक्रोफोन आणि हळुवार गळा

आवाज मोठा करणें एवढेंच मायक्रोफोनचें व ध्वनिवर्धकाचें काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु लोकप्रिय संगीताचा इतिहास पाहतां या यंत्रांनीं गायकास हळू गाण्याची मोकळीक दिली, हाच त्यांचा मोठा उपकार होय, असें आम्हांस वाटतें.

३१ ऑक्टोबर १८८० रोजीं किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आलें, तेव्हां शेवटच्या रांगेपर्यंत पद पोंचविण्यास नटाजवळ स्वतःच्या गळ्यावांचून दुसरें साधन नव्हतें. भाऊराव कोल्हटकरांची कीर्ति अशाच उंच, पल्लेदार आवाजावर उभी होती. ते १९०१ सालीं निवर्तले. पुढच्याच वर्षीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरलें.

त्या तबकडीनेंही नाजूक गळ्यास थारा दिला नाहीं. गायकानें कर्ण्याशीं तोंड नेऊन जोरानें गावें आणि त्याच्या आवाजाच्या कंपांनीं सुईनें मेणावर रेघ कोरावी, अशी ती रीत. हलकी कुजबुज मेणापर्यंत पोंचतच नसे. शिवाय दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें ३ मिनिटांची. तेवढ्या अवधींत रागाचा विस्तार व्हावा कसा?

१९२५ सालीं अमेरिकेंत विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें. मायक्रोफोन हवेंतील कंपांचें विजेच्या प्रवाहांत रूपांतर करी व निर्वात नळ्या तो प्रवाह वाढवीत. जोराचें काम यंत्राकडे गेलें. बिंग क्रॉस्बीसारख्या गायकांनीं कानाशीं बोलावें तसें गाऊन तिकडे नवी शैलीच रूढ केली. आपल्याकडे १९३० नंतरच्या दशकांत जी. एन. जोशी प्रभृतींनीं भावगीत घरोघर नेलें. कवितेच्या शब्दास सुराइतका मान मिळाला, याचें श्रेय कवीस व गायकास आहेच. परंतु मायक्रोफोन नसता तर तो हळवा उच्चार ऐकूं कोणास आला असता? आवाज कमावण्याची जुनी मेहनत यामुळें मागें पडली, ही हानि मात्र मान्य केली पाहिजे.

आज त्याच विद्येच्या बळावर उत्सवांच्या मिरवणुकींत कर्ण्यांच्या भिंती उभ्या राहतात. त्यांस रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत आवर घालण्यासाठीं २००० सालीं सरकारास नियम करावे लागले. यंत्रास अभिरुचि नसते. ती वाजविणाऱ्याजवळ असावी लागते. गणपतीपुढें काय वाजवावें आणि किती मोठ्यानें वाजवावें, हें ठरविणें अद्याप आपल्याच हातीं आहे.