घरातला एसी: दुरुस्ती बिल्डरने करायची की आपण?

गेल्या काही वर्षांत लष्करातली आपली पुष्कळ कुटुंबे जुने वाडे सोडून सिटी सेंटर, थाटीपूर, मुरार या बाजूंच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. वाड्याच्या भिंती जाड होत्या, मधे चौक होता, काही घरांत तळघरही होते. मे महिन्यातली दुपार तिथे वाळ्याच्या ताट्यांवर आणि पुढे कूलरवर निघून जाई. फ्लॅटमधल्या पश्चिमेच्या खोलीत ती निघत नाही. पारा 45 च्या वर गेला की एसी ही चैन राहत नाही, आणि घरात ऐंशीच्या पुढचे माणूस असेल तर नाहीच नाही. बिल्डरही हे ओळखून आहेत. "बेडरूममध्ये एसी बसवून मिळेल" असे माहितीपत्रकात छापलेले असते, आपणही खूश होऊन सही करतो. तो एसी बिघडला की दुरुस्ती कोणी करायची, हा प्रश्न त्या दिवशी कोणाला सुचत नाही.

आमच्याच बँकेतून आमच्या आधी निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांवर हा प्रसंग आला. त्यांची परवानगी घेऊन, नावगाव वगळून, तो येथे सांगत आहोत, कारण असे प्रश्न आम्हाला आता वरचेवर विचारले जातात. आम्ही वकील नव्हे. गृहकर्जाची कागदपत्रे वाचण्यात नोकरीची बरीच वर्षे गेली, एवढेच आमचे भांडवल.

फ्लॅट 44 लाखांचा. करारनाम्याच्या परिशिष्टात दोन स्प्लिट एसी, नळ्या व जोडणीसह, असे स्पष्ट लिहिलेले. पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात आईंच्या खोलीतला एसी नुसता वारा देऊ लागला. मेकॅनिक आला, "गॅस संपला" म्हणाला, भरून गेला. महिन्याभरात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गॅस भरल्यावर कंपनीचा माणूस बोलावला. तो म्हणाला, मशीन ठीक आहे, भिंतीतली नळी गळते आहे, ती आमची नाही. बिल्डरच्या ऑफिसात गेले तर तिथे उत्तर मिळाले की एसी आम्ही बनवत नाही, कंपनीला विचारा. कंपनीने बिल पाहिले, ते बिल्डरच्या नावावर होते आणि तारीख ताबा मिळण्याच्या दीड वर्ष आधीची. म्हणजे घरात पाऊल टाकण्यापूर्वीच एक वर्षाची वॉरंटी संपलेली होती! या टोलवाटोलवीत जून उजाडला. आईंची खाट दिवाणखान्यात आणून कूलरसमोर ठेवावी लागली.

बिघाड नेमका कोठे आहे

एसी ही एक वस्तू आहे असे आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. जबाबदारीच्या दृष्टीने त्याचे दोन भाग आहेत. आतले युनिट व बाहेरचे युनिट हे कारखान्यात तयार झालेले यंत्र. त्या दोहोंना जोडणारी तांब्याची नळी, पाणी बाहेर नेणारा ड्रेन पाइप, वीजेची तार, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग हे सगळे जागेवर, बांधकाम चालू असताना केलेले काम. कॉम्प्रेसर, पंख्याची मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक कार्ड गेले तर वाद मुख्यतः उत्पादकाशी. प्लास्टरखाली गाडलेली नळी सांध्यावर गळत असेल, किंवा ड्रेनला उतार न दिल्याने पाणी उलटे येऊन भिंतीचा रंग फुगत असेल, तर तो बांधकामातला दोष आहे आणि तो ज्याने बांधले त्याचा.

एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. एसीतला गॅस हा गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद चक्रात फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठूनतरी गळाला, किंवा बसवतानाच नीट भरला नव्हता. त्यामुळे गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. आमच्या स्नेह्यांनी तीनदा ओतले. दर खेपेला साडेतीन हजारांच्या आसपास गेले, आणि तिन्ही वेळा पावतीवर "गॅस चार्जिंग" एवढेच दोन शब्द.

गळती कोठे आहे हे ठरवण्याची पद्धत सोपी आहे. नळी दोन्ही युनिटांपासून सोडवायची, एक टोक बंद करायचे, दुसऱ्या टोकाने नायट्रोजन भरून त्यावर गेज लावून ठेवायचे. रात्रभरात गेजचा काटा ठळक खाली आला तर दोष नळीत. काटा जागेवर राहिला तर नळी निर्दोष, मग युनिट तपासायचे. दिसणाऱ्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावले तरी बुडबुडे येतात, आणि गळतीच्या जागी बऱ्याचदा तेलाचा डाग असतो. पण भिंतीच्या आतल्या सांध्यासाठी नायट्रोजनची चाचणीच हवी. ती करताना बिल्डरच्या माणसाला लेखी बोलवावे, गेजचे सुरुवातीचे व शेवटचे आकडे तारीख-वेळेसह फोटोत घ्यावे आणि मेकॅनिककडून त्याच्या लेटरहेडवर चार ओळींचा अहवाल घ्यावा. पुढे सगळे प्रकरण या चार ओळींवर उभे राहते. दुरुस्ती आधी करून अहवाल मागून मागणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. नळी बदलली की पुरावा भंगारात जातो.

उलट बाजूही सांगायला हवी. बिल्डर दरवेळी लबाड असतोच असे नाही. एका घरात देवघराची फळी बसवताना ड्रिल नळीत घुसले होते आणि यजमान बिल्डरला शिव्या देत होते. आपल्याकडच्या धुळीत महिनाभर फिल्टर न धुणे, आंधी येऊन गेल्यावर बाहेरचे युनिट साफ न करणे, माकडांनी कुरतडलेले नळीवरचे वेष्टण तसेच राहू देणे, यातून होणारा बिघाड आपलाच. त्याचे खापर दुसऱ्यावर फोडता येत नाही.

कायदा काय म्हणतो

रेरा म्हणजे स्थावर संपदेचा 2016 चा कायदा. त्याचे कलम 14, पोटकलम 3 आपल्या कामाचे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या ढाच्यातला दोष, किंवा कारागिरी, दर्जा, सेवांची तरतूद अथवा करारातली अन्य जबाबदारी यांतला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर तो 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. न केल्यास भरपाई मागता येते. पुष्कळांचा समज असा की पाच वर्षे फक्त भिंतीला तडा जाणे किंवा स्लॅब गळणे यासाठी आहेत. तसे नाही. कारागिरी आणि सेवांची तरतूद हे शब्द कायद्यातच आहेत. प्लास्टरखालची नळी यात बसते असे आमचे मत आहे.

रजिस्ट्री झाली की बिल्डर सुटला, हेही खरे नाही. याच दोषांची जबाबदारी खरेदीखतानंतरही चालू राहते, असे कलम 11 मध्ये नमूद आहे. फ्लॅट पहिल्या मालकाकडून विकत घेतला असला तरी रेरातील "आवंटी" या व्याख्येत आपण येतो. भाडेकरू मात्र येत नाही.

मशीनच्या बाबतीत चित्र इतके स्वच्छ नाही. करारनाम्यात बहुधा असे कलम असते की बाहेरून विकत घेतलेल्या वस्तूंवर उत्पादकाची वॉरंटी असेल तेवढीच. कॉम्प्रेसरपुरते ते वाजवी आहे. पण वॉरंटी ताब्याआधीच संपलेली वस्तू "नवीन एसी" म्हणून हवाली करणे हे वाजवी नव्हे, आणि तसे पत्रात लिहायला कचरू नये. बिल्डरने स्वतः छापून घेतलेल्या एकतर्फी अटी ग्राहकावर लादता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पायोनियर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन या प्रकरणात म्हटले आहे. तो वाद ताबा लांबल्याचा होता, एसीचा नव्हे, पण तत्त्व उपयोगी पडते.

छोट्या इमारतींत राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. 500 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचा किंवा आठपर्यंत फ्लॅटचा प्रकल्प रेरात नोंदवणे सक्तीचे नाही. जुना बंगला पाडून उभ्या केलेल्या चार-सहा फ्लॅटच्या इमारती ग्वाल्हेरात कमी नाहीत. अशा घरांसाठी ग्राहक आयोगाची वाट सरळ पडते.

दाद कोठे मागायची

दोन दारे आहेत: भोपाळचे रेरा प्राधिकरण आणि ग्राहक आयोग. आपल्या शहरात पाटीवर "उपभोक्ता विवाद प्रतितोषण आयोग" असे भारदस्त हिंदी असते, त्याला बिचकू नये. घर बांधून देणे ही सेवा आहे हे 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या निकालात ठरले. रेरा आल्यावरही ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे, हे 2020 च्या इम्पेरिया स्ट्रक्चर्स निकालाने पक्के केले. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धावू नये. एक दार निवडावे.

आयोग कोणता, हे दुरुस्तीच्या रकमेवर ठरत नाही, येथे पुष्कळजण चुकतात. 2019 च्या कायद्याप्रमाणे मोबदला म्हणून किती पैसे दिले ते पाहतात. बिल्डरविरुद्ध फ्लॅटबद्दलची तक्रार असेल तर फ्लॅटची किंमत धरली जाते. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत भोपाळचा राज्य आयोग. म्हणजे आमच्या स्नेह्यांचे प्रकरण 12 हजारांचे असले तरी 44 लाखांचा फ्लॅट म्हणून ग्वाल्हेरातच चालले असते, शुल्क 1000 रुपये. तोच फ्लॅट 55 लाखांचा असता तर भोपाळची वारी. एसी आपणच दुकानातून घेतला असेल तर तक्रार दुकानदार व कंपनीविरुद्ध, एसीच्या किमतीवर, आणि 5 लाखांपर्यंत शुल्कच नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे कंपनीचे ऑफिस मुंबईला असले तरी बिघडत नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रारीपूर्वी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी, कंपन्या तिथे बऱ्याचदा हलतात.

मुदतीचा घोळ मात्र सांभाळावा. रेराची पाच वर्षे दोष बिल्डरला कळवण्यासाठी आहेत. ग्राहक आयोगात तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते. पाच वर्षे आहेत म्हणून निवांत बसणाऱ्याची दोन वर्षे कधी संपली ते कळत नाही.

पत्र

फोनवरचे "बघतो, पाठवतो" हिशेबात धरत नाहीत. आमच्या स्नेह्यांनी दहा वेळा फोन केले होते, एकही ओळ लिहिली नव्हती. शेवटी दोघांनी बसून एका पानाचे पत्र केले. त्यात फ्लॅट क्रमांक, ताब्याची तारीख, करारातले परिशिष्ट, नायट्रोजन चाचणीचे आकडे, कलम 14(3) चा उल्लेख आणि मागणी: 30 दिवसांत नळी बदलून द्यावी व गॅसचे तीन वेळचे पैसे परत करावे. रागाचा एकही शब्द नाही. सोबत ताबापत्र, करारातले संबंधित पान, अहवाल व तीन पावत्या यांच्या प्रती. स्पीड पोस्टने बिल्डरच्या नोंदणीकृत पत्त्यावर एक आणि ईमेलने एक. पोच जपून ठेवली. ही सगळी तयारी मूळ करारनामा हाती असेल तरच होते. कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतात, तेव्हा गहाण ठेवतानाच पूर्ण झेरॉक्स करून ठेवावी. हे आम्ही काउंटरच्या पलीकडे बसूनही सांगत असू, ऐकणारे थोडेच.

अठराव्या दिवशी बिल्डरचा सुपरवायझर दोन मिस्त्री घेऊन आला. भिंत फोडायला त्याने नकार दिला. नवी नळी भिंतीवरून, पांढऱ्या पट्टीच्या आवरणात नेऊन जोडून दिली आणि गॅस भरून दिला, त्याचे काही घेतले नाही. आधीच्या तीन गॅसचे पैसे मिळाले नाहीत. पावत्यांवर गळतीचे कारण कोठेच लिहिलेले नव्हते, त्यावर बिल्डरने बोट ठेवले. आयोगात जाऊन तेवढ्यासाठी भांडावे की नाही, यावर स्नेह्यांच्या घरात दोन तट पडले. सौ. वहिनींचे म्हणणे जावे. आमचेही मत तेच होते. त्यांनी मात्र जायचे नाही असे ठरवले. आईंची खाट आपल्या खोलीत परत गेली, तेव्हा जूनचा शेवटचा आठवडा चालू होता आणि दोन दिवसांनी पाऊस आला.