जास्वंद, संकरित
जास्वंद, संकरित : भेंडी कुलातील हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस व तिच्याशी संकर होणाऱ्या जातींपासून तयार केलेली शोभेची झुडपे. विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई बेटांवर स्थानिक जाती वापरून मोठ्या प्रमाणावर संकर झाले. त्यातून मोठी, बहुरंगी फुले मिळाली.

फूल बहुधा एकच दिवस टिकते, म्हणून परागण सकाळी करतात. पितृवाणाचे पराग मऊ कुंचल्याने मातृवाणाच्या पाच कुक्षींवर लावून देठाला नावाची चिठ्ठी बांधतात. फळधारणा झाल्यास साधारण दोन महिन्यांत बोंड पिकते. कठीण सालीचे बी किंचित खरवडून पेरतात. प्रत्येक रोप वेगळे निघते. पसंत वाण छाट कलम, गुटी किंवा भेट कलमाने टिकवतात.

नांदेड जिल्ह्यातील इस्लापूर (ता. किनवट) परिसरासारख्या उष्ण भागात उन्हाळ्यात कळ्या गळतात व फळधारणा घटते, त्यामुळे संकरासाठी हिवाळा सोयीचा. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून कुंडीत माती, वाळू व शेणखत यांचे निचरा होणारे मिश्रण भरतात आणि उन्हाळ्यात दुपारी सावली देतात. पिठ्या ढेकूण ही मुख्य कीड असून तिच्यावर निंबोळी अर्क फवारतात.