शुक्रवारचा सराव

थर्ड इयरला असताना आमच्या बाहाच्या गाडीचा थ्रॉटल अडकला होता.

बाहा म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्वतः डिझाइन करून, स्वतः वेल्डिंग करून बनवायची एका माणसाची बग्गी. वर्षभर वर्कशॉपमध्ये राबायचं आणि मग पिथमपूरला जाऊन ती दगडाधोंड्यांतून पळवायची. स्पर्धेला आठ दिवस उरले होते. कॉलेजमागच्या मैदानात सराव चालू होता. आमचा ड्रायव्हर वळणावर आला, त्याने पाय उचलला, पण इंजिनाचा आवाज काही उतरेना. केबल आतल्या आत अडकून बसली होती आणि गाडी सरळ कंपाउंडच्या भिंतीकडे निघाली होती. त्याने हाताशी असलेलं लाल बटण दाबलं. इंजिन बंद पडलं, गाडी भिंतीच्या पंधरा-वीस फूट अलीकडे थांबली. आम्ही आधी घाबरलो, मग हसलो, मग त्याला शिव्या घातल्या, केबल बदलली आणि चहाला गेलो.

त्या लाल बटणाचं, म्हणजे किल स्विचचं, वायरिंग मी केलं होतं. करताना भरपूर कुरकुरही केली होती. एक स्विच ड्रायव्हरच्या हाताशी आणि एक बाहेरच्या माणसाला दाबता येईल असा. दोन्हींना वेगळी वायर, वेगळं टेस्टिंग. नियमपुस्तकात लिहिलंय म्हणून लावायचं, एवढंच मला कळत होतं.

पुढे मेकॅनिकलची डिग्री घेऊन, चारचौघांसारखा, मी आयटीत आलो. काही महिन्यांपूर्वी एका रात्री ऑन-कॉल होतो. सर्व्हर शांत होते, झोप येत नव्हती, आणि मोबाइलवर रेसिंगच्या गाड्यांतल्या किल स्विचबद्दल वाचता वाचता मी एका नावापाशी येऊन थांबलो. ॲडम पेटी. वय १९.

अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगशी आपला फारसा संबंध येत नाही. आपल्याकडे रेसिंग म्हणजे फॉर्म्युला वन, फार तर मोटोजीपी. स्टॉक कारचं मूळ मात्र साधं आहे. शोरूममध्ये मिळते तीच, 'स्टॉक'मधली गाडी घेऊन शर्यत लावायची. १९४९च्या जून महिन्यात शार्लटला नॅस्कारने अशा गाड्यांची पहिली शर्यत भरवली. तिच्यात ली पेटी नावाचा माणूस उसनी आणलेली ब्युइक घेऊन उतरला आणि ती त्याने ट्रॅकवर उलटी करून ठेवली. तरी गडी मागे हटला नाही. १९५९मध्ये पहिली डेटोना ५०० त्यानेच जिंकली. तीही अशी की आधी विजेता म्हणून दुसऱ्याचंच नाव जाहीर झालं आणि फोटो, फिल्म तपासून तीन दिवसांनी निकाल फिरला. त्याचा मुलगा रिचर्ड. त्याच्या नावावर २०० विजय आणि सात अजिंक्यपदं आहेत. या खेळात त्याला 'किंग' म्हणतात. रिचर्डचा मुलगा काइल, तोही ड्रायव्हर. आणि काइलचा मुलगा ॲडम. आपल्याकडे गाण्यात घराणी असतात, तसं हे गाड्यांचं घराणं; नॉर्थ कॅरोलायनातल्या लेव्हल क्रॉस गावचं. नॅस्कारमध्ये एकाच घरातल्या चौथ्या पिढीपर्यंत पोहोचलेला ॲडम हा पहिलाच ड्रायव्हर.

अठराव्या वर्षी, १९९८मध्ये, त्याने शार्लटला आर्का मालिकेतली शर्यत जिंकली. त्याच वर्षी त्याच्या हातून, त्याची चूक नसताना, एक भयंकर गोष्ट घडली होती. मिनेसोटातल्या एका शर्यतीत गाडी पिटमध्ये थांबली असताना त्याचा क्रू चीफ काहीतरी ॲडजस्ट करायला गाडीखाली शिरला. चारही टायर बदलून झाले आणि जॅक खाली आला. जॅक खाली येणं हाच ड्रायव्हरसाठी निघण्याचा इशारा. खाली माणूस आहे हे रेडिओवर त्याला कोणी सांगितलं नाही. तो निघाला. क्रू चीफ वाचला नाही.

हे वाचताना माझ्यातला सॉफ्टवेअरवाला एकदम जागा झाला. जॅक खाली येणं हा सिग्नल होता, पण त्या सिग्नलला 'खाली कोणी नाही ना?' हे विचारण्याची सोयच नव्हती. आमच्या क्षेत्रात याला डिझाइनमधली चूक म्हणतात. तिथे तिचं ओझं अठरा वर्षांच्या मुलाने उचललं.

२ एप्रिल २००० रोजी टेक्ससला तो पहिल्यांदा सर्वोच्च पातळीवरच्या कप मालिकेत उतरला. ४५ नंबरची गाडी. इंजिन दगा देऊन गेलं आणि शर्यत अर्धवट सुटली. पण पेटींची चौथी पिढी मैदानात आली होती. तीनच दिवसांनी, ५ एप्रिलला, पणजोबा ली पेटी वारले. वय ८६.

पुढच्या महिन्यात, शुक्रवारी, १२ मे रोजी ॲडम न्यू हॅम्पशायरमधल्या लाउडनच्या ट्रॅकवर होता. ही बुश सिरीजची, म्हणजे कपच्या खालच्या पायरीवरची शर्यत. शर्यत दुसऱ्या दिवशी होती. शुक्रवार सरावाचा.

सराव म्हटलं की आपल्याला वाटतं, ड्रायव्हर रस्ता पाठ करतोय. तसं नसतं. लाउडनचा ट्रॅक जेमतेम एक मैलाचा, त्यात पाठ करण्यासारखं काय आहे? सराव असतो तो गाडीचा. दीडेक टनाची ती गाडी २००० सालापर्यंत फक्त दिसायला शोरूममधली उरली होती; आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि शर्यतीचं इंजिन. ड्रायव्हर चार-पाच फेऱ्या मारून येतो आणि सांगतो, वळताना पुढची चाकं बाहेर सरकतायत किंवा मागची घसरतायत. मग स्प्रिंग बदल, टायरमधली हवा थोडी कमी कर, पुन्हा चार फेऱ्या. ड्रायव्हरची पाठ आणि बूड हेच सेन्सर. आम्ही कोड लाइव्ह जाण्याआधी स्टेजिंगवर चालवून बघतो, अगदी तसंच. फरक इतकाच की आमच्या स्टेजिंगवर माणूस बसलेला नसतो.

लाउडनची वळणं जवळजवळ सपाट आहेत. डेटोनासारखा भिंतीएवढा उतार तिथे नाही, की जो गाडीला वळणात धरून ठेवेल. सरळ भाग सुसाट संपवायचा, पाय उचलायचा, ब्रेक मारायचा आणि मगच वळायचं. म्हणजे सगळी भिस्त पाय उचलण्यावर. त्या दिवशी तिसऱ्या वळणावर ॲडमची गाडी वेग कमी न होताच गेली आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. थ्रॉटल अडकला असावा, असंच कारण मानलं जातं. कवटीच्या तळाचं हाड मोडून त्याचा मृत्यू झाला. वीस वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते.

इथे थोडं गणित करू, कारण पुढचा सगळा इतिहास या गणिताचा आहे. समजा, गाडी भिंतीच्या दिशेने ताशी ७२ किलोमीटरने जातेय, म्हणजे सेकंदाला २० मीटर. काँक्रीट हलत नाही. फक्त गाडीचं नाक चेपतं. त्या चेपण्यातून थांबायला अर्धा मीटर मिळाला तर सरासरी मंदन साधारण ४० जी भरतं. पट्ट्यांनी बांधलेलं धड गाडीबरोबर थांबतं. डोक्याला मात्र पट्टा नाही. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरा. गुणिले ४०. दोनशे चाळीस किलोचा झटका, आणि तो पेलायला फक्त मान. तुटतं ते मान आणि कवटी जिथे जुळतात तिथेच.

म्हणजे उपाय दोनच. डोक्याला धडाशी बांधा, किंवा थांबायला जास्त अंतर द्या. अर्ध्या मीटरचा एक मीटर केलात की ४० जीचे २० होतात.

पहिला उपाय तयार होता. मिशिगन स्टेट विद्यापीठातले बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसिंग ड्रायव्हर जिम डाउनिंग यांनी १९८०च्या दशकातच हॅन्स नावाचं उपकरण बनवलं होतं. त्यांच्या ओळखीतला एक ड्रायव्हर १९८१मध्ये अशाच दुखापतीने गेला होता. सुरुवात तिथून झाली. खांद्यांवर बसणारी एक कडक कॉलर, ती पट्ट्यांखाली दाबून धरलेली, आणि तिच्यापासून हेल्मेटला जोडलेले दोन पट्टे. बस्स. डोकं धडाबरोबर थांबतं. २००० साली ते बाजारात मिळत होतं. पण बहुतेकांना ते अवजड वाटायचं, मान वळवायला अडचणीचं वाटायचं. सक्ती नव्हती, म्हणून वापर नव्हता.

७ जुलै २०००. पुन्हा शुक्रवार, पुन्हा लाउडन, पुन्हा सराव, पुन्हा तिसरं वळण. केनी अर्विन ज्युनिअर, वय ३०. कवटीच्या तळाचं तेच हाड. आठ आठवड्यांत एकाच वळणावर दोन माणसं.

त्यानंतर नॅस्कारने स्टिअरिंगवर किल स्विच सक्तीचा केला. अंगठ्याने दाबलं की इंजिन बंद. सप्टेंबरमध्ये लाउडनला परत शर्यत झाली तेव्हा इंजिनांना हवा कमी देणाऱ्या रिस्ट्रिक्टर प्लेट लावल्या गेल्या. त्या शर्यतीत जेफ बर्टन तीनशेच्या तीनशे फेऱ्या सगळ्यांच्या पुढे राहिला. प्रेक्षक कंटाळले, आणि प्लेट पुन्हा तिथे लागल्या नाहीत. भिंत मात्र काँक्रीटचीच राहिली आणि डोकं मोकळंच राहिलं.

ऑक्टोबरमध्ये टेक्ससला ट्रक मालिकेत टोनी रोपर गेला, मानेच्याच दुखापतीने. आणि १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५००च्या शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर, डेल अर्नहार्ट गेला. सात अजिंक्यपदांचा मानकरी, या खेळातला सगळ्यात मोठा तारा. दुखापत तीच.

मग मात्र चक्रं फिरली. मोठी चौकशी झाली, ऑगस्टमध्ये अहवाल आला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शार्लटच्या एका आर्का शर्यतीत आणखी एक तरुण ड्रायव्हर गेला आणि १७ ऑक्टोबर २००१ला नॅस्कारने डोकं-मान रोखणारं उपकरण सक्तीचं केलं. दुसऱ्या उपायावर नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांच्या गटाचं काम चालू होतंच. महामार्गांच्या कडेचे कठडे हा त्यांचा मूळ विषय. काँक्रीटच्या पुढे पोलादी चौकोनी नळ्यांची भिंत आणि दोन्हींच्या मध्ये फोमचे ठोकळे. गाडी आदळली की भिंत मागे सरते, म्हणजे थांबायला अंतर मिळतं. मे २००२मध्ये ही 'सेफर' भिंत पहिल्यांदा इंडियानापोलिसला उभी राहिली आणि पुढे सगळीकडे गेली. अर्नहार्टनंतर नॅस्कारच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांत हे लिहीपर्यंत एकही ड्रायव्हर ट्रॅकवर दगावलेला नाही.

मला झोप येऊ न देणारा प्रश्न हा: ॲडम पेटीच्या मृत्यूने हे का झालं नाही? अर्नहार्टसाठी का झालं? तारा मोठा होता, टीव्हीवर लाखो लोक बघत होते, हे उत्तर खरंच आहे. पण अर्धंच. दुसरं अर्धं मला ओळखीचं वाटतं. एकटा अपघात 'दुर्दैव' म्हणून खपून जातो. थ्रॉटल अडकला, आता काय करणार! दुसरा योगायोग ठरतो. सगळे अपघात एका कागदावर एकाखाली एक लिहिले तरच दिसतं की हाड तेच आहे. आणि तो कागद लिहायला कोणाला तरी बसावं लागतं.

पेटी घराण्याने स्वतःपुरता कागद लिहिला. काइलने आपला ४४ नंबर सोडला आणि मुलाचा ४५ घेऊन तो पुढची अनेक वर्षं शर्यतीत उतरत राहिला. फ्लोरिडातली आजारी मुलांची एक शिबिरवाडी बघून आल्यापासून, तसंच काहीतरी आपल्या राज्यात करावं असं ॲडमच्या मनात होतं. रिचर्ड आणि लिंडा या आजी-आजोबांनी जमीन दिली आणि २००४मध्ये रँडलमनला व्हिक्टरी जंक्शन सुरू झालं.

त्या रात्री हे सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या बाहाच्या ड्रायव्हरला मेसेज टाकला. तो आता जर्मनीत आहे. म्हटलं, 'ती केबल नक्की का अडकली होती रे?' त्याला आठवेना. मलाही आठवेना. बेंड चुकला होता, की सायलेन्सरच्या उष्णतेने आवरण वितळलं होतं, की आत माती गेली होती? आम्ही केबल बदलली होती आणि चहाला गेलो होतो. कुठे काही लिहिलंच नव्हतं. ऑफिसात सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला तर मी तीन पानी रिपोर्ट लिहितो.

मग कॉलेजच्या आताच्या टीमचा नंबर मिळवला आणि आठवलं तेवढं सगळं त्यांना लिहून पाठवलं. सकाळी उत्तर आलं, 'थँक्यू दादा. आमचापण मागच्या वर्षी अडकला होता. आम्ही केबल बदलली.'