आंब्याचं झाड आणि सर्वांत कमी दराची निविदा

इतिहासाच्या नादी लागण्याआधी मी सुरतेजवळ बमरोलीत राहून पंपखरेदीच्या फायली हाताळत असे. एकदा नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराचा पंप घेतला. दोन वर्षांची वीज आणि दुरुस्ती मांडून पाहिली, तर महागडा पंपच स्वस्त पडला असता. नियम मात्र पाळला गेला होता!

ती सल आज्ञापत्र वाचताना पुन्हा जागी झाली. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात आरमाराच्या लाकडाचं प्रकरण आहे. साग वगैरे अरण्यातून हुजूरच्या परवानगीने तोडावा, आणखी लागेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा, फणस हेही उपयोगाचे. पण त्यांना हात लावू नये. ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदीच जीर्ण असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं. म्हणजे हिशेब नुसत्या लाकडाचा नाही, ते पुन्हा उभं राहायला लागणाऱ्या काळाचाही.

आपल्याकडे २०१६ साली जेम पोर्टल आलं. ऑक्टोबर २०२१मध्ये अर्थ मंत्रालयाने काही कामांच्या निविदांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायला मुभा दिली. अमात्यांच्या वाटेवरचं हे पाऊल म्हणायला हरकत नाही.

बमरोलीत सुरत महापालिका सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरवते. असे प्रकल्प वर्षानुवर्षं चालवायचे असतात. त्यांच्या निविदा वाचताना उभारणीच्या आकड्याशेजारी चालवण्याचा आकडा आधी शोधा.